एंटर दाबण्याआधी बघा, तुम्ही नक्की आहात कुठे? टर्मिनलमधल्या एका ओळीची गोष्ट

नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर दोन मार्ग एकमेकांना छेदतात. एक ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीकडे जाणारी ऑरेंज लाइन, दुसरी प्रजापती नगरहून लोकमान्य नगरला जाणारी ॲक्वा लाइन. सकाळच्या गर्दीत मिहानकडे निघालेला माणूस प्रत्येक पाटी वाचत बसत नाही. नारंगी रंग दिसला की तिकडे वळतो. चुकून भलत्या गाडीत बसलाच, तर झाशी राणी चौकात उतरायचं आणि परत यायचं. दहा-पंधरा मिनिटं गेली, एवढंच.

हाच माणूस ऑफिसात पोचला की संगणकावर एक काळी खिडकी उघडतो. सिनेमातले हॅकर ज्यात खटाखट टाईप करतात, तीच. तिला टर्मिनल म्हणतात. त्याच्यासमोर अशा तीन-चार खिडक्या उघड्या असतात. एक त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची, दुसरी चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरची, तिसरी त्या खऱ्या सर्व्हरची, ज्यावर हजारो ग्राहकांचा डेटा आहे. चारही खिडक्या काळ्या. चारही ठिकाणी पांढरी अक्षरं. इथे भलत्या खिडकीत कमांड टाईप करून एंटर दाबलं, तर पुढच्या स्टेशनवर उतरून परत येता येत नाही.

म्हणूनच या खिडकीत, तुम्ही टाईप करायला सुरुवात करता त्याच्या डावीकडे, एक छोटीशी ओळ असते. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. नागपुरी भाषेत सांगायचं तर "कुठं आहेस बे?" या प्रश्नाचं ती उत्तर असते. ही ओळ आपल्याला हवी तशी बदलता येते, तिला रंग देता येतो, आपण कोणत्या कामात आहोत तेही तिच्यात दाखवता येतं. बरेच जण हे हौसेखातर करतात. पण एका कंपनीला ही ओळ किती कामाची आहे ते फार महागात पडून कळलं होतं.

एका आकड्याचा घोळ

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांना कोड ठेवायला जागा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. भारतात १ फेब्रुवारीची पहाट झाली होती. त्यांच्या डेटाबेसवर अचानक प्रचंड ताण आला. त्यांच्याकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. पहिला मुख्य, त्यावर सगळा खरा डेटा. दुसरा त्याची सतत अद्ययावत होणारी नक्कल. ताणामुळे नक्कल मागे पडली आणि मग बंदच पडली.

ती पुन्हा सुरू करायची तर दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा पुसून नव्याने नक्कल काढावी लागणार होती. एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत त्यासाठी झगडत होता. त्याने डेटाचं फोल्डर पुसण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या नाही, पहिल्या सर्व्हरवर आहोत. त्याने कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबी डेटामधला फक्त साडेचार जीबीच्या आसपास उरला होता.

दोन्ही सर्व्हरची नावं जवळजवळ सारखीच होती: डीबी१ आणि डीबी२. फरक एका आकड्याचा. दमलेल्या डोळ्यांना, रात्री, चार खिडक्यांच्या गर्दीत, तो एक आकडा काय दिसणार?

पुढचा प्रकार तर आणखी वाईट. बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचा रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण तो काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. बॅकअप फसल्याचे इशारे देणारे ईमेलही पोचत नव्हते. सुदैवाने एका कर्मचाऱ्याने साधारण सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, डेटाबेसची एक प्रत हाताने काढून ठेवली होती. त्यावर निभावलं. कंपनीने डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर सर्वांसमोर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळा अहवालही जाहीर केला. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, पण जवळपास सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीच्या अंदाजाने जास्तीत जास्त ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नव्या खात्यांना त्याचा फटका बसला.

त्या अहवालात पुढे काय सुधारायचं याची यादी होती. बॅकअप, देखरेख, नक्कल करण्याची पद्धत, सगळी मोठी मोठी कामं. आणि त्यांच्याच रांगेत एक बारीकसं काम: सगळ्या सर्व्हरवरचा प्रॉम्प्ट बदला, म्हणजे आपण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या वातावरणात आहोत ते स्पष्ट दिसेल.

एवढ्या मोठ्या प्रकरणात ती एक ओळ यादीत यावी, यातच तिचं मोल कळतं. इंजिनिअरला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी पाटी नीट लावायचं ठरवलं.

ही ओळ येते कुठून?

टर्मिनलच्या खिडकीत आपण टाईप केलेलं वाचून ते काम करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला शेल म्हणतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश नावाचा शेल भेटतो, जो १९८९ साली आला. ॲपलच्या मॅकवर २०१९ पासून झेडशेल हा मुख्य शेल आहे. दोघांचा पूर्वज म्हणजे बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांचा १९७९ चा बोर्न शेल. प्रॉम्प्टमध्ये काय दिसावं हे "पीएस१" नावाच्या एका चलात लिहून ठेवायचं, ही सोय त्याच्यापासूनची. पीएस म्हणजे प्रॉम्प्ट स्ट्रिंग.

त्या काळी प्रॉम्प्ट म्हणजे नुसतं एक डॉलरचं चिन्ह. सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, म्हणजे ज्याला रूट म्हणतात त्याच्यासाठी, डॉलरऐवजी हॅशचं चिन्ह. डॉलर दिसला तर तुम्ही भाडेकरू, हॅश दिसला तर घरमालक, आणि घरमालकाने भिंत पाडायला घेतली तर कोण अडवणार? हा भेद आजही तसाच चालू आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला होता, त्यांना डॉसची ती काळी स्क्रीन आठवत असेल. जुन्या डॉसवर आपोआप नुसतं "सी>" असं दिसायचं. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळायचं नाही. मग क्लासचे सर सुरुवातीच्या फाईलमध्ये "प्रॉम्प्ट, डॉलर पी, डॉलर जी" अशी एक ओळ घालायला सांगायचे आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता दिसू लागायचा. ती ओळ घोकून पाठ केलेले कित्येक जण तेव्हा नकळत प्रॉम्प्टच सजवत होते.

बॅशमध्येही तेच, फक्त खुणा वेगळ्या. तिथे डॉलरऐवजी बॅकस्लॅश वापरतात. बॅकस्लॅशपुढे यू लिहिलं की वापरकर्त्याचं नाव येतं, एच लिहिलं की मशीनचं नाव, छोटा डब्ल्यू लिहिला की फोल्डरचा पूर्ण रस्ता आणि मोठा डब्ल्यू लिहिला की फक्त शेवटच्या फोल्डरचं नाव. या खुणा हव्या त्या क्रमाने पीएस१ मध्ये लिहायच्या. ते कायमचं राहावं म्हणून आपल्या घरच्या फोल्डरमधल्या "डॉट बॅशआरसी" या फाईलच्या शेवटी टाकायचं. ही फाईल प्रत्येक नवीन खिडकी उघडताना वाचली जाते.

पडद्यावर हे रोमन अक्षरांत दिसतं, पण देवनागरीत लिहायचं तर परिणाम असा:

विद्यार्थी@लॅब-१४:~/पत्रिका $

मधली नागमोडी रेघ म्हणजे "माझं घर", तुमचं स्वतःचं फोल्डर. एवढ्यातच कोण, कुठल्या मशीनवर, कोणत्या फोल्डरमध्ये, हे तीन प्रश्न सुटतात.

रंग कसे भरतात?

टर्मिनलला रंग समजतात ते आकड्यांतून. एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर, त्यापुढे उघडा चौकटी कंस, मग एक आकडा आणि शेवटी एम. हा संदेश मिळाला की टर्मिनल तो छापत नाही, पुढची अक्षरं त्या रंगात काढू लागतं. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. मग ३३? पिवळा. कारण यामागे प्रकाशाच्या मिश्रणाचं गणित आहे: लालचा १, हिरव्याचे २, निळ्याचे ४. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, १ आणि २ मिळून ३. तसंच १ आणि ४ मिळून ३५ हा जांभळट, २ आणि ४ मिळून ३६ हा आकाशी. काहीच नाही तो ३० काळा, सगळं मिळून ३७ पांढरा. अक्षरांऐवजी मागची पाटी रंगवायची असेल तर ३० च्या जागी ४० पासून मोजायचं. ४१ म्हणजे लाल पाटी. शून्य पाठवलं की सगळं मूळपदावर. हे शून्य द्यायचं विसरलात तर पुढे टाईप कराल ते सगळं लालच होत जातं, आणि पहिल्यांदा प्रॉम्प्ट रंगवणारे जवळपास सगळे हे एकदा तरी विसरतात.

त्यानंतरचा घोळ जरा चमत्कारिक असतो. प्रॉम्प्ट छान रंगीत दिसतो, पण लांब कमांड टाईप करायला लागलं की ती खालच्या ओळीवर जायच्या ऐवजी त्याच ओळीवर उलटते आणि आधीच्या अक्षरांवर अक्षरं चढतात. आपण एक वाचतो, प्रत्यक्षात दुसरंच टाईप झालेलं असतं. कारण साधं आहे. बॅशला ओळ कुठे संपते हे ठरवायला प्रॉम्प्टची लांबी मोजावी लागते, आणि रंगाची ती न दिसणारी अक्षरंही तो मोजणीत धरतो. उपाय असा की प्रत्येक रंगाच्या संदेशाच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडा चौकटी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद चौकटी कंस लिहायचा. म्हणजे बॅशला सांगायचं, हे मोजू नकोस. झेडशेलमध्ये हेच काम टक्क्याचं चिन्ह आणि महिरपी कंस करतात.

रंग किती वापरावे? इथे उत्साहाच्या भरात प्रॉम्प्टची रंगपंचमी होते. वेळ जांभळी, नाव पिवळं, फोल्डर निळं, बॅटरी हिरवी, वर हवामानही. सात रंग झाले की एकही रंग काही सांगत नाही. मेट्रोच्या दोनच मार्गांना दोनच रंग आहेत म्हणून ते लांबून कळतात. लाल रंग तर एकाच गोष्टीसाठी राखून ठेवावा: जिथे चूक झाली तर नुकसान होईल ती मशीन. आणि नुसत्या रंगावरही विसंबू नये. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या ऑफिसात असतात. लाल पाटीवर "प्रॉडक्शन" असा शब्दही हवा.

पत्रिकेचा मजकूर आणि गिट

आता दुसरा प्रश्न. मशीन कळली, फोल्डर कळलं. पण त्या फोल्डरमध्ये कामाची कोणती प्रत उघडी आहे?

लग्नपत्रिका छापायची आहे असं समजा. एक मजकूर सगळ्यांनी मंजूर केलेला, छापखान्यात जाणारा. तेवढ्यात काकांचं म्हणणं येतं की आजोबांच्या नावाआधी "कै." राहिलं. मामांचं म्हणणं, आमचा नंबर "आपले नम्र" मध्ये वर घ्या. शहाणा माणूस मंजूर मजकुराला हात लावत नाही. त्याची एक वेगळी प्रत काढतो, त्यात बदल करतो, सगळ्यांना दाखवतो, पटलं की मूळ मजकुरात आणतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेलं गिट हेच काम प्रोग्रामच्या फाईलींसाठी करतं. प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं आणि अशा वेगळ्या प्रतींना ब्रँच म्हणजे शाखा म्हणतं. मंजूर प्रतीला बहुतेक ठिकाणी "मेन" हे नाव असतं, जुन्या प्रोजेक्टमध्ये "मास्टर".

अडचण अशी की शाखा बदलली तरी फोल्डर तेच राहतं. नाव तेच, पत्ता तोच, आतला मजकूर मात्र बदललेला. दुपारी जेवून आलेला माणूस आपण "मामांचे-बदल" या शाखेवर आहोत असं समजून काम करत राहतो आणि तासाभराने कळतं की सगळं थेट "मेन" वर नोंदवलं गेलं. अनेक कंपन्यांत "मेन" वर काही चढवलं की ते आपोआप खऱ्या वेबसाइटवर जातं. म्हणजे अर्धवट पत्रिका थेट छापून पाहुण्यांच्या घरी.

यावर उपाय म्हणून गिटसोबतच एक छोटी फाईल मिळते. गिटच्या विकासातले एक मोठे नाव असलेल्या शॉन पीअर्स यांनी २००६ च्या सुमारास तिची सुरुवात केली. ती जोडली की प्रॉम्प्टमध्ये शाखेचं नाव आपोआप येतं:

विद्यार्थी@लॅब-१४:~/पत्रिका (मेन *) $

विंडोजवर गिट बसवणाऱ्यांना तर हे न मागताच मिळतं. इंजिनिअरिंग कॉलेजातली बरीच पोट्टी पहिल्यांदा "गिट बॅश" नावाची खिडकी उघडतात, तेव्हा तिथे हिरवं नाव, पिवळा पत्ता आणि कंसात आकाशी रंगातली शाखा आधीच मांडलेली असते. ती आकाशी अक्षरं काय सांगतात, हे मात्र बऱ्याच जणांना पहिली चूक झाल्यावरच कळतं.

शाखेच्या नावापुढची ती चांदणी म्हणजे फाईल बदलली आहे, पण नोंदीसाठी निवडलेली नाही. अधिकचं चिन्ह असेल तर बदल निवडला आहे, नोंद व्हायची बाकी आहे. टक्क्याचं चिन्ह म्हणजे एखादी नवी फाईल आहे जिची गिटला ओळखच नाही. डॉलर म्हणजे काही अर्धवट काम बाजूला गुंडाळून ठेवलेलं आहे, जे लोक हमखास विसरतात. "पेक्षा मोठे" चिन्ह म्हणजे तुम्ही सर्व्हरवरच्या प्रतीच्या पुढे आहात, "पेक्षा लहान" म्हणजे मागे. या खुणा एकेक करून सेटिंगमधून सुरू कराव्या लागतात. दोन प्रतींचं मीलन अर्धवट राहिलं असेल तर शाखेच्या नावापुढे उभी रेघ आणि "मर्जिंग" असा शब्द येतो. तो दिसला की आधी ते निस्तरायचं, बाकी सगळं नंतर.

खोटं बोलणारी पाटी

इथे एक अशी चूक होते जिच्यापुढे साधा डॉलर परवडला. पीएस१ ची ओळ एकेरी अवतरणचिन्हांत लिहायची की दुहेरी? दिसायला काहीच फरक नाही. पण दुहेरी चिन्हांत लिहिली तर शाखेचं नाव विचारणारा भाग त्याच क्षणी, एकदाच चालतो आणि आलेलं उत्तर कायमचं गोठतं. खिडकी उघडताना तुम्ही "मेन" वर होतात तर दिवसभर "मेन" च दिसणार, तुम्ही कुठेही जा. एकेरी चिन्हांत लिहिली तर प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट काढताना नव्याने विचारणा होते.

पाटीच नसेल तर माणूस थांबून विचारतो. चुकीची पाटी असेल तर बिनधास्त चालत राहतो. म्हणून प्रॉम्प्ट बदलल्यावर लगेच दोनदा शाखा बदलून बघावी आणि नाव बदलतं की नाही याची खात्री करावी. दहा सेकंदांचं काम आहे.

प्रत्येक वेळी नव्याने विचारणा होते म्हटल्यावर दुसरा प्रश्न येतो: वेळ किती लागतो? शाखेचं नाव मिळवणं अगदी स्वस्त आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये "डॉट गिट" नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, त्यात "हेड" नावाची फाईल. तिच्यात एकच ओळ, चालू शाखा कोणती. ती वाचली की झालं. पण ती चांदणी दाखवायची तर गिटला आपल्या यादीतली एकेक फाईल तपासावी लागते, शेवटची कधी बदलली, आकार किती. शे-दोनशे फाईली असतील तर कळतही नाही. लाखभर असतील, त्यातही नेटवर्कवरच्या डिस्कवर, तर एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट यायला सेकंदभर लागतो आणि मग माणूस वैतागून सगळंच काढून टाकतो. तसं करू नये. तेवढ्या एका प्रोजेक्टपुरती चांदणी बंद करायची सोय आहे, शाखेचं नाव राहू द्यावं.

एंटर न दाबताही घात

तुम्ही काहीही न करता प्रॉम्प्ट दर वेळी एक प्रोग्राम चालवतो, याची आणखी एक बाजू आहे. शाखेचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. जुन्या गिटमध्ये कोणी नावातच कमांड दडवली तर प्रॉम्प्ट ते नाव छापायच्या ऐवजी ती कमांड चालवून टाकायचा. म्हणजे परक्या माणसाचा प्रोजेक्ट उतरवून नुसतं त्या फोल्डरमध्ये गेलं तरी घात. २०१४ साली आलेल्या १.९.३ आवृत्तीत ही फट बुजवली गेली.

दुसरी फट उघड झाली १२ एप्रिल २०२२ ला, आणि ती कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकांसारख्या ठिकाणी जास्त धोक्याची. गिट आपलं "डॉट गिट" फोल्डर शोधताना सध्याच्या जागेपासून वरवर जात राहतं. एकाच संगणकावर अनेक जण बसत असतील आणि कोणी वरच्या सामायिक जागेत असं एक फोल्डर गुपचूप करून ठेवलं, तर इतरांचं गिट ते आपलंच मानायचं आणि त्यातल्या सेटिंगमध्ये लिहिलेली कमांड चालवायचं. तुम्हाला गिट वापरायचीही गरज नाही, प्रॉम्प्टमध्ये शाखा दाखवायची सोय असली की पुरे. त्या दिवशी आलेल्या २.३५.२ आवृत्तीपासून गिट आधी फोल्डर कोणाच्या मालकीचं आहे ते बघतं आणि दुसऱ्याचं असेल तर काम करायला नकार देतं. सामायिक संगणकावर "या फोल्डरची मालकी संशयास्पद आहे" अशा अर्थाचा संदेश येतो तो याचमुळे. नेटवरचा कुठलासा उपाय चिकटवून तो सरसकट बंद करू नये. आपलं एकच फोल्डर सुरक्षित यादीत टाकावं.

मराठी फाईलींचं काय?

"नागपूर" नावाची फाईल गिटच्या प्रोजेक्टमध्ये ठेवली आणि स्थिती विचारली, तर नावाच्या जागी \३४०\२४४\२५०\३४०\२४४\२७६ असं काहीतरी लांबलचक दिसतं. फाईल बिघडलेली नसते. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे "न", पुढचे तीन म्हणजे काना. इंग्रजीबाहेरची अक्षरं गिट सुरक्षिततेखातर अशी आकड्यांत मांडतं. "कोअर डॉट कोटपाथ" नावाचं सेटिंग "फॉल्स" केलं की मराठी नावं मराठीत दिसू लागतात. हे सेटिंग मराठी माणसाने गिट बसवल्या बसवल्याच करून टाकावं.

प्रॉम्प्टमध्ये देवनागरी मात्र जपून. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही, एका अक्षराला एक घर. "क्षि" या एका दिसणाऱ्या अक्षरात संगणकाच्या लेखी चार खुणा असतात: क, पायमोड, ष आणि वेलांटी. त्यांना किती घरं द्यायची याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचं एकमत होईलच असं नाही. झालं नाही की तीच जुनी अडचण, अक्षरांवर अक्षरं. फोल्डरला मराठी नाव देण्यात काही वावगं नाही, पण ते प्रॉम्प्टमध्ये येत असेल तर टाईप करायची जागा खालच्या ओळीवर न्यावी. वरच्या ओळीत पत्ता आणि शाखा, खाली नुसता डॉलर. लांब पत्त्यांसाठीही ही मांडणी सोयीची पडते.

तयार मिळतं का?

मिळतं. झेडशेलसाठी २००९ पासून "ओह माय झेडशेल" आहे, त्यात भरपूर तयार सजावटी. त्यातल्या मूळ सजावटीत सुरुवातीचा बाण हिरवा असतो आणि आधीची कमांड फसली की लाल होतो. कोणत्याही शेलवर चालणारं "स्टारशिप" २०१९ मध्ये आलं. त्यात एका फाईलीत आपल्या आवडी लिहिल्या की झालं. यातली चित्रविचित्र चिन्हं दिसण्यासाठी "नर्ड फॉन्ट" नावाचे खास फॉन्ट बसवावे लागतात, नाहीतर जागोजागी रिकामे चौकोन दिसतात. ते दिसले म्हणून काही मोडलं असं समजू नका.

पण तयार सजावट तुमच्या लॅपटॉपवर बसते आणि धोका असतो सर्व्हरवर. सर्व्हरवर गेलात की तिथला प्रॉम्प्ट दिसतो, तुमचा नाही. म्हणून लाल पाटी लॅपटॉपवर नव्हे, त्या सर्व्हरच्याच सामायिक सेटिंगमध्ये लावायची, रूटसकट प्रत्येक वापरकर्त्याला दिसेल अशी. तिथे चकचकीत सजावट नको, कुठली चिन्हं नकोत. लाल पाटीवर सर्व्हरचं पूर्ण नाव आणि "प्रॉडक्शन", चाचणीच्या सर्व्हरवर तेच हिरव्यात. नावही डीबी१, डीबी२ असं एका आकड्याने वेगळं नको, "डेटाबेस-मुख्य" आणि "डेटाबेस-नक्कल" असं, अर्धझोपेतही वाचता येईल असं. ऑफिसात ज्याच्याकडे सर्व्हरची जबाबदारी आहे त्याला हे लावायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागतो.